नीट बोलण्याचे आणि आजची युद्धं समजून घेण्याचे छोटे ऑडिओ पाठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलायला शिकवणारे पाठ आणि युद्धांवरचे पाठ एकत्र कशासाठी?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे. वरवर पाहता दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण चार माणसांत युद्धाचा विषय निघाला की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. बातम्या भरपूर ऐकलेल्या असतात, मत तर असतंच, पण कुणी विचारलं की "नेमकं झालं काय?", तर तोंडातून विशेषणं बाहेर पडतात: भीषण, अमानुष, सडेतोड, घणाघाती. एखाद्या युद्धातली एक घटना दोन मिनिटांत, आवाज न चढवता, कोणी काय केलं आणि ते कशावरून कळलं एवढं धरून ज्याला सांगता येते, त्याला ती बऱ्यापैकी समजलेली असते. म्हणून या पाठांमध्ये बोलणं हे समज तपासायचं साधन आहे.

ज्यांना फक्त एकाच बाजूत रस आहे त्यांनी तेवढंच ऐकावं. काही बिघडत नाही.

दहा-बारा मिनिटांत युद्ध समजतं?

नाही. एक प्रश्न समजतो. "युक्रेनचं युद्ध" हा पाठाचा विषय होऊच शकत नाही. "२०२२ च्या मार्चअखेर रशियाचं सैन्य कीव्हजवळून मागे का फिरलं?" हा होऊ शकतो. त्यात कीव्हशेजारच्या होस्तोमेलच्या विमानतळावर पहिल्याच दिवशी उतरलेल्या तुकड्या येतात, ती धावपट्टी ठरल्याप्रमाणे वापरता न येणं येतं, रस्त्यावर अडकून पडलेली वाहनांची लांबलचक रांग येते, इंधन आणि रसद येते. एवढं नीट सांगायला दहा मिनिटं पुरतात. त्यात २०१४ चा क्रिमिया, मिन्स्कचे करार आणि नाटोचा विस्तार कोंबायला गेलं की ऐकणाऱ्याच्या हाती फक्त नावं उरतात.

थोडक्यात बोलणं म्हणजे वरवरचं बोलणं, हा समज काही जात नाही. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी अमेरिकेत गेटिसबर्गला यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीच्या समारंभात त्या दिवसाचे मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले. त्यानंतर अध्यक्ष लिंकन उठले आणि पावणेतीनशेच्या आसपास शब्दांत, दोन-तीन मिनिटांत, खाली बसले. दुसऱ्या दिवशी एव्हरेटनी त्यांना कळवलं की तुम्ही दोन मिनिटांत प्रसंगाच्या गाभ्यापर्यंत गेलात, मी दोन तासांत तेवढा जवळ पोचलो असतो तर धन्य झालो असतो. मात्र एव्हरेटवर हसायचं कारण नाही. लढाईचा तपशीलवार वृत्तांत त्यांनीच दिला होता. तो आधी झालेला असल्यामुळे लिंकनना तो सांगत बसावं लागलं नाही. छोट्या पाठाचंही तसंच आहे: कुणीतरी आधी लांबलचक लिहिलेलं, नोंदवलेलं असतं, त्याच्या जिवावर तो छोटा राहतो.

मग सुरुवात कुठून करू?

माझं मत विचाराल तर कोरियापासून. उत्तर आणि दक्षिण कोरियातलं, २५ जून १९५० रोजी सुरू झालेलं ते युद्ध आजच्या युद्धांचे सगळे पेच एकदम दाखवतं: औपचारिक युद्धघोषणा नाही, संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली लढणारी फौज, "स्वयंसेवक" म्हणून आलेलं चीनचं सैन्य, पडद्याआड सोव्हिएत वैमानिक, आणि शेवटी निकाल नाही. २७ जुलै १९५३ ला पानमुनजोममध्ये युद्धविरामाचा करार झाला. त्यावर दक्षिण कोरियाने सहीच केली नाही. शांतता करार आजतागायत झालेला नाही. शस्त्रं खाली ठेवणं आणि युद्ध संपणं यांत केवढं अंतर असू शकतं, हे एकदा कोरियात पाहिलं की पुढे कुठल्याही शस्त्रसंधीच्या बातमीने माणूस हुरळून जात नाही.

त्यानंतर व्हिएतनाम, मग १९९१ चं आखाती युद्ध, मग तुम्हाला हवं ते. थेट आजच्या चालू युद्धाने सुरुवात करू नये असं मला वाटतं, कारण तिथे मत आधी तयार असतं आणि कान नंतर उघडतात.

"आधुनिक युद्ध" नेमकं कुठल्या सालापासून धरायचं?

सोयीप्रमाणे. कुणी १९१४ धरतं, कुणी १९४५. या पाठांत १९४५ धरलं आहे, कारण संयुक्त राष्ट्रांची सनद त्या वर्षीची, आणि आज ज्या नियमांवरून वाद होतात ते चार जिनिव्हा करार १९४९ चे. दुसऱ्या महायुद्धातले प्रसंग मात्र बोलण्याच्या पाठांत वारंवार येतात. रेडिओवरून बोलायला जगातले पुढारी खऱ्या अर्थाने तेव्हाच शिकले.

एक गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. "युद्ध पुकारलं" हा प्रकार जवळजवळ बंद पडला आहे. अमेरिकेने शेवटची औपचारिक युद्धघोषणा १९४२ च्या जूनमध्ये केली, तीही बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. कोरिया, व्हिएतनाम, इराक यांपैकी एकाही वेळी ती झाली नाही. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ ला जे सुरू केलं त्याला त्याने "विशेष लष्करी कारवाई" हे नाव दिलं. म्हणून अभ्यासक नावावर विसंबत नाहीत, मोजतात. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या नोंदींत एका वर्षात लढाईत किमान २५ मृत्यू झाले तर सशस्त्र संघर्ष, आणि किमान १,००० झाले तर युद्ध. हा उंबरठा कोरडा वाटतो खरा, पण सरकारी निवेदनांपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

नुसतं ऐकून भूगोल कसा कळणार?

कळत नाही. नकाशा लागतोच. ऑडिओ हेतू आणि क्रम छान पोचवतो, पण "नदीच्या पश्चिम काठावरून पूर्व काठावर" असं वाक्य कानात शिरलं की डोळे आपोआप मिटतात आणि माणूस हरवतो.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हे ओळखलं होतं. २३ फेब्रुवारी १९४२ च्या रेडिओ भाषणासाठी त्यांनी लोकांना आधीच सांगून ठेवलं होतं की जगाचा नकाशा समोर घेऊन बसा. वर्तमानपत्रांनी नकाशे छापले, दुकानांतले विकले गेले. भाषणात ते एकेका सागरावर बोट ठेवायला लावत गेले आणि अंतरं किती प्रचंड आहेत, फिलिपिन्समध्ये वेढल्या गेलेल्या सैन्यापर्यंत मदत पोचवणं का शक्य नाही, हे सांगत गेले. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला तीन महिनेही झाले नव्हते, बातम्या वाईट होत्या, आणि त्यांनी धीर देण्यासाठी भूगोल वापरला. (भाषण चालू असतानाच एका जपानी पाणबुडीने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या तेलक्षेत्रावर तोफगोळे डागले. लोकांना नकाशा चांगलाच समजला असणार.)

तेव्हा पाठ सुरू करण्याआधी फोनवर नकाशा उघडा, आणि फक्त तीन गोष्टी शोधून ठेवा: राजधानी, मोठी नदी, आणि समुद्राकडे जाणारी वाट. बाकीचं ऐकताना जागच्या जागी बसतं.

मृतांचे आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे का असतात? खरा कुठला धरायचा?

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पहिली गफलत मोजणीच्या आधीच होते. परदेशी संस्थांच्या बातम्यांत सैन्याच्या हानीचा जो आकडा येतो त्यात बहुधा मेलेले, जखमी, कधी बेपत्ता आणि पकडले गेलेलेही धरलेले असतात. घाईत केलेल्या मराठी बातमीत तोच आकडा "ठार" म्हणून छापला जातो. जखमी हे मृतांच्या काही पट असतात, त्यामुळे चूक बारीकसारीक नसते. एवढा एकच प्रश्न विचारायची सवय लावली, की या आकड्यात जखमी आहेत का, तरी निम्मा गोंधळ संपतो.

दुसरं, कोण मोजतंय. लढणारी बाजू स्वतःची हानी कमी सांगते आणि शत्रूची जास्त. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याने तर शत्रूच्या मृतदेहांची संख्या हेच यशाचं माप ठरवलं होतं. माप ठरलं की आकडा फुगतो, आणि तो फुगलाच. रुग्णालयं आणि आरोग्य खाती मोजतात ते त्यांच्यापर्यंत पोचलेले मृत्यू. ढिगाऱ्याखालचे त्यात सुटतात, आणि सैनिक कोण व सामान्य माणूस कोण हे त्या यादीत सांगितलेलं असेलच असं नाही.

तिसरं, उपासमार आणि रोगराई. वेढ्यात औषध न मिळाल्याने गेलेला मधुमेही "युद्धात मेला" की नाही? काही अंदाज त्याला धरतात, काही नाही. दोन आकड्यांत दुप्पट-तिप्पट फरक दिसला तर पुष्कळदा भांडण इथे असतं. दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंयच असं समजायचं कारण नाही.

म्हणून आकडा बोलताना तो सांगणाऱ्याच्या नावासकट बोलावा: "अमक्या खात्याच्या म्हणण्याप्रमाणे, अमुक तारखेपर्यंत". बोलणं थोडं लांबतं. लांबू द्यावं.

युद्धगुन्हा, वंशसंहार हे शब्द कधी वापरायचे?

जपून, पण घाबरून नव्हे. १९४८ च्या करारानुसार वंशसंहारात एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट, पूर्ण किंवा अंशतः, नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. नुसती मृतांची संख्या मोठी असून भागत नाही. उलट संख्या तुलनेने कमी असूनही हेतू सिद्ध होऊ शकतो: जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले, आणि २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याला वंशसंहार म्हटलं. युद्धगुन्ह्याला तो हेतू लागत नाही. मुद्दाम सामान्य लोकांवर हल्ला, कैद्यांना मारणं, उपासमारीचा हत्यारासारखा वापर, हे सगळे युद्धगुन्हेच.

आणि हेगमधली दोन न्यायालयं एक समजू नका. आंतरराष्ट्रीय न्यायालयात देश देशाविरुद्ध जातो. दक्षिण आफ्रिकेने २०२३ च्या डिसेंबरात इस्रायलविरुद्ध गुदरलेला दावा तिथला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय २००२ पासूनचं, तिथे माणसांवर खटले चालतात. मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नेतान्याहू यांच्या नावाने निघालेली अटक वॉरंटं तिथली. वॉरंट म्हणजे दोषी ठरणं नव्हे, हेही बोलताना सुटता कामा नये.

ड्रोन, क्षेपणास्त्रं, रणगाडे यांची माहिती इतकी कमी का?

कारण ती बाकी सगळीकडे भरपूर आहे. शिवाय शस्त्रांची चित्रफीत बघून युद्धाबद्दल चुकीची कल्पना होते. १९९१ च्या आखाती युद्धात टीव्हीवर खिडकीतून अचूक शिरणारे बॉम्ब दिसत होते. प्रत्यक्षात टाकलेल्या दारूगोळ्यात मार्गदर्शित शस्त्रांचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी होता. उरलेल्याचं चित्रण कुणी दाखवलं नाही.

बोलायला उभं राहिलं की आवाज कापतो. ऑडिओ ऐकून तो जाईल?

ऐकून नाही, स्वतः बोलून. मोठ्याने.

घाबरट माणसांना मी ब्रिटनच्या सहाव्या जॉर्ज राजाची गोष्ट सांगतो. ते तोतरे बोलत. ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि त्याच संध्याकाळी त्यांना रेडिओवर बोलावं लागलं. त्यांचे वाचा-उपचारक लायनेल लोग यांनी त्यांच्याकडून वर्षानुवर्षं सराव करून घेतला होता. अवघड शब्द बदलायचे, श्वासाच्या जागा कागदावर खुणा करून ठेवायच्या, आणि थांबायला घाबरायचं नाही. ते भाषण ऐकलंत तर थांबे मोठे आहेत हे जाणवेल. त्या थांब्यांनीच त्याला वजन आलं.

प्राचीन ग्रीक वक्ता डेमोस्थिनिस तोंडात खडे धरून बोलायचा सराव करी असं त्याचा चरित्रकार प्लूटार्क सांगतो. ते करू नका.

शब्द भारदस्त वापरले तर ऐकणाऱ्यावर छाप पडत नाही का?

छाप पडते, अर्थ पोचेलच असं नाही. १५ ऑगस्ट १९४५ ला दुपारी जपानी लोकांनी आपल्या सम्राटाचा आवाज रेडिओवर पहिल्यांदा ऐकला. आदल्या रात्री ते भाषण तबकडीवर ध्वनिमुद्रित केलं होतं, आणि शरणागती नको असलेल्या काही तरुण अधिकाऱ्यांनी राजवाड्यात घुसून त्या तबकड्या शोधायचा प्रयत्नही केला होता. एवढं रामायण घडून भाषण लागलं, तर भाषा दरबारी, आवाजात खरखर, आणि "शरणागती" हा शब्द कुठेच नाही. युद्धाची स्थिती "जपानच्या फायद्याचीच झाली आहे असं नाही", अशा वळणाचं एक वाक्य होतं. हिरोशिमा आणि नागासाकी नुकतीच होऊन गेली होती. पुष्कळ लोकांना आपण जिंकलो की हरलो हेच कळेना. नंतर निवेदकाला साध्या भाषेत सांगावं लागलं.

याच्या दुसऱ्या टोकाला युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांची २५ फेब्रुवारी २०२२ ची चित्रफीत ठेवा. अध्यक्ष पळून गेले अशी आवई उठलेली. ते रात्री कीव्हच्या रस्त्यावर फोन हातात धरून उभे राहिले आणि मागच्या एकेकाची ओळख करून दिली: पक्षाचे गटनेते इथे आहेत, कार्यालयप्रमुख इथे आहेत, पंतप्रधान इथे आहेत, अध्यक्ष इथे आहे. अर्ध्या मिनिटाचा मामला. एकच क्रियापद, तेही सगळ्यात साधं. त्यात पटवून देण्यासारखं काही नव्हतंच. माणसं दिसत होती.

प्रमाण मराठीतच बोलावं लागेल का? माझी बोली वेगळी आहे.

अजिबात नाही. बोलीत सांगितलेली हकिकत बहुतेक वेळा जास्त सरळ उतरते. अडचण बोलीची नसते, वाक्याच्या लांबीची असते. बोलताना तुमचं वाक्य एका श्वासात मावत नसेल तर ते दोन करा. मग ते कुठल्याही मराठीत असो.

परदेशी नावं उच्चारताना जीभ अडखळते. काही युक्ती?

देवनागरी इथे आपल्याला थोडी फसवते. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना ते वेगळे दिसत नाहीत. झेलेन्स्कीमधला झ "माझा"तला आहे, "झेंडा"तला नाही. गाझा आणि माझा यांचं यमक जुळतं. अझरबैजानमध्ये झ "माझा"तला, पण ज मात्र "जीव"मधला. पाठाच्या सुरुवातीला अशी दोन-तीन नावं सावकाश म्हटलेली असतात. तिथे पाठ थांबवून तुम्हीही म्हणा.

आकड्यांचाही मराठीत वेगळा घोळ आहे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी: कानाला पहिला भाग सारखाच लागतो आणि ऐकणारा दहाचा फरक करून बसतो. वाचताना मागे जाता येतं, ऐकताना नाही. जिथे काटेकोर आकड्याची गरज नाही तिथे "साठेक", "सत्तरच्या आत" म्हणा. सन आणि मृतांचे आकडे मात्र स्वच्छ, सावकाश, गरज पडली तर दोनदा.

सराव नेमका कसा करायचा?

पाठ ऐकून झाल्यावर फोन बाजूला ठेवा आणि ऐकलेलं दोन मिनिटांत मोठ्याने सांगा, रेकॉर्ड करून. मग स्वतःचं ऐका. स्वतःचा आवाज पहिल्यांदा सगळ्यांनाच परका वाटतो. तिकडे दुर्लक्ष करा आणि क्रियापदांकडे कान द्या.

समजा, एका काल्पनिक घटनेबद्दल तुम्ही असं बोललात: "काल शहरावर भीषण हल्ला झाला, अनेक निष्पाप लोक मारले गेले, सगळीकडे हाहाकार माजला." ऐकणाऱ्याच्या हाती काय पडलं? हल्ला "झाला". लोक "मारले गेले". आपली भाषा कर्त्याला फार सहज निसटू देते: बॉम्ब पडला, गोळीबार झाला, चकमक उडाली. कुणी बॉम्ब टाकला, कुणी गोळ्या झाडल्या, याची वाक्याला गरजच भासत नाही.

आता हेच असं सांगून पाहा: "काल पहाटे एका राहत्या इमारतीवर ड्रोन आदळला. नऊ जण गेले असं महापौर म्हणाले. ड्रोन शत्रूचा होता असं तिथलं सरकार म्हणतं. समोरची बाजू म्हणते तो त्यांच्याच हवाई संरक्षणाने भरकटवला. जवळ लष्करी ठिकाण होतं का, हे अजून कुणी सांगितलेलं नाही." यात एकही विशेषण भावनेचं नाही, तरी पहिल्यापेक्षा हेच जास्त बोचतं. कर्ता माहीत नसेल तर माहीत नाही हे वाक्यात आलं पाहिजे. "झाला" म्हणून तो झाकला जाऊ नये.

आठवड्यात एक पाठ असा केला तरी पुरे. रोज पाच ऐकून एकही न बोलण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

उत्तम बोलणारा माणूस खरं सांगतोय हे कसं ओळखायचं?

बोलण्यावरून ओळखता येत नाही. बोलणं शिकवणाऱ्याने हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इराककडे घातक शस्त्रं आहेत हे पटवून द्यायला तासाभराहून जास्त बोलले. वक्तृत्वाच्या वर्गात दाखवावं असं भाषण: शांत स्वर, ध्वनिफिती, उपग्रहाची छायाचित्रं, जैविक शस्त्राची कल्पना द्यायला हातात एक छोटी कुपी, आणि मागे मोठी प्रतिष्ठा असलेला माणूस. अॅरिस्टॉटलने मन वळवण्याचे जे तीन मार्ग सांगितले, वक्त्याची पत, श्रोत्याच्या भावना आणि युक्तिवाद, ते तिन्ही तिथे हजर होते. इराककडे जैविक शस्त्रं बनवणाऱ्या फिरत्या प्रयोगशाळा आहेत हा त्यातला एक मोठा मुद्दा. त्या नव्हत्याच. माहिती ज्या खबऱ्याकडून आली होती त्याच्यापर्यंत अमेरिकी अधिकारी धड पोचलेही नव्हते. सहा आठवड्यांत इराकविरुद्ध युद्ध सुरू झालं. ते भाषण आपल्या कारकिर्दीवरचा डाग आहे असं पुढे पॉवेल स्वतः म्हणाले.

त्या दिवशी श्रोत्याला करता आलं असतं ते एवढंच: प्रत्येक दाव्यामागे "हे कुणी पाहिलं?" असं विचारणं. कुपीत काय होतं यापेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा होता.

कानाची ताकद याहून वाईट कामालाही लागते. रवांडात १९९३ मध्ये सुरू झालेलं एक खासगी रेडिओ केंद्र गाणी, थट्टामस्करी आणि गप्पांच्या ओघात तिथल्या तुत्सी गटाच्या लोकांना "झुरळं" म्हणत असे. १९९४ मध्ये तुत्सींची कत्तल झाली तेव्हा त्याने माणसांची नावं आणि ठिकाणंही सांगितली. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याच्या संस्थापकांना दोषी ठरवलं. अपिलात शिक्षा थोड्या कमी झाल्या, पण बोलणं हाही गुन्हा ठरू शकतो हे कायम राहिलं. निवेदक तिथे गंभीर आवाजात ओरडत नसत, दोस्तासारखे बोलत. हे मला आजही सगळ्यात अस्वस्थ करणारं वाटतं.

जुन्या भाषणांच्या ध्वनिफिती खऱ्या असतात का?

आवाज खरा, प्रसंग नेहमीच नाही. चर्चिल यांचं ४ जून १९४० चं किनाऱ्यांवर लढण्याचं भाषण संसदेत झालं, तिथे ध्वनिमुद्रण होत नसे. आज ऐकू येतं ते त्यांनी १९४९ मध्ये वाचून दिलेलं. फ्रेंच सेनानी द गॉल यांच्या, लढत राहा असं सांगणाऱ्या १८ जून १९४० च्या आवाहनाचं मुद्रण टिकलेलं नाही. ऐकवलं जातं ते २२ जूनचं. पाठात अशी फीत वापरली तर तिचं साल सांगितलं जातं.

आजच्या फितींबाबत आणखी सावध राहा. मार्च २०२२ मध्ये शस्त्रं खाली ठेवा असं सांगणारे, संगणकावर बनवलेले बनावट झेलेन्स्की चित्रफितीतून फिरले होते. ते ओबडधोबड होते म्हणून पकडले गेले. एका लष्करी व्हिडिओ गेममधली दृश्यं तर इतक्या वेळा खऱ्या युद्धाची म्हणून पसरली की गेम बनवणाऱ्यांनाच खुलासा करावा लागला.

निवेदक बाजू का घेत नाही? काही ठिकाणी तर आक्रमण कुणी केलं हे स्पष्टच असतं.

स्पष्ट असतं तिथे स्पष्टच सांगितलं जातं. २४ फेब्रुवारी २०२२ ला सीमा कुणी ओलांडली, ७ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलवर कुणी हल्ला केला, यात दोन बाजू मांडण्यासारखं काही नाही. मात्र युद्ध कुणी सुरू केलं आणि ते कसं लढलं जातंय हे कायद्यानेच वेगळे ठेवलेले प्रश्न आहेत. ज्याच्यावर हल्ला झाला त्यालाही सामान्य माणसांना वाचवण्याचे नियम सुटत नाहीत. घरातल्या जेवणाच्या वेळच्या भांडणांत हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात आणि मग कुणीच कुणाचं ऐकत नाही.

सुदानसारख्या युद्धांवर पाठ का? त्याबद्दल कुणी बोलतच नाही.

म्हणूनच. १५ एप्रिल २०२३ ला तिथे सैन्यप्रमुख बुरहान आणि निमलष्करी दलाचे हेमेदती यांच्यात लढाई पेटली. दोघांनी मिळून २०२१ मध्ये सत्ता बळकावली होती. एक कोटीहून जास्त लोकांना घरदार सोडावं लागलं. चित्रण कमी, पत्रकार कमी, म्हणून मतंही कमी. त्यामुळे शिकायला हे युद्ध सोपं जातं आणि सरावाला चांगलं.

मुलांना ऐकवावेत का?

बोलण्याचे खुशाल. युद्धांचे आधी स्वतः ऐका, मग शेजारी बसून ऐकवा. आणि झोपायच्या आधी नको, हे मोठ्यांनाही लागू.

दीडपट वेगाने ऐकलं तर चालेल?

युद्धांचे चालतील. बोलण्याचे नाही, त्यात थांबेच ऐकायचे असतात.

चालू युद्धावरचा पाठ जुना झाला तर काय?

होतोच. आघाडीची रेषा, आकडे, पदांवरची माणसं, सगळं हलतं. म्हणून अशा पाठाच्या पहिल्याच वाक्यात तो कुठल्या तारखेपर्यंतचा आहे ते सांगितलेलं असतं. ती तारीख वर्षभरापूर्वीची असेल तर कारणांचा भाग ऐका आणि सद्यस्थितीचा भाग सोडून द्या. कुणाला पाठवताना तारीखही सोबत लिहा.